जागतिक द्राक्ष लागवडक्षेत्र : घट आणि तिचा अर्थ

आंतरराष्ट्रीय द्राक्षवेल व वाइन संघटनेच्या आकडेवारीनुसार १९७० च्या दशकाच्या अखेरीस जगातील द्राक्ष लागवडक्षेत्र १ कोटी हेक्टरांहून अधिक होते. २०२३ मध्ये ते सुमारे ७२ लाख हेक्टरांवर आले. या मोजणीत वाइन, खाण्याची द्राक्षे व बेदाणा या तिन्हींच्या बागा, तसेच अद्याप फळावर न आलेल्या बागाही समाविष्ट असतात.

ही घट मुख्यत्वे वाइन द्राक्षांची आहे. सोव्हिएत संघात १९८५ च्या मद्यविरोधी मोहिमेत अनेक बागा तोडल्या गेल्या. पश्चिम युरोपात वाइनची मागणी घटून साठे वाढल्याने १९८८ पासून बागा कायमच्या काढणाऱ्यांना अनुदान देण्यात आले. याउलट चीनमध्ये २००० नंतर, प्रामुख्याने खाण्याच्या द्राक्षांमुळे, क्षेत्र वेगाने वाढले.

क्षेत्र घटले तरी उत्पादन त्या प्रमाणात घटले नाही. सिंचन व सुधारित व्यवस्थापनामुळे हेक्टरी उत्पादकता वाढली. द्राक्षबाग उभारणीचा खर्च मोठा असतो आणि बाग अनेक वर्षे टिकते. त्यामुळे नवीन लागवडीचा निर्णय केवळ चालू हंगामाच्या दरावर न घेता मागणीचा दीर्घकालीन कल पाहून घेणे बागायतदारांच्या हिताचे ठरेल.