साष्टांग झुंज

साष्टांग नमस्कार आपल्या परिचयाचा आहे. पण साष्टांग मारामारी? ती पाहायची तर थायलंडला, म्हणजे जुन्या भूगोलातल्या सयामला, जायला हवे. तेथल्या या खेळाचे नाव ‘मुए थाय’. विलायती बॉक्सिंगचा सारा कारभार दोन मुठींवर चालतो. येथे दोन मुठी, दोन कोपर, दोन गुडघे आणि दोन पाय अशी आठ अंगे कामाला लागतात. म्हणूनच हिला ‘आठ अंगांची कला’ म्हणतात.

या कलेचा आद्य वीर म्हणजे नाय खनोम तोम. ‘नाय’ म्हणजे श्रीयुत, आणि ‘खनोम तोम’ हे खोबरे-गुळाचे सारण घातलेल्या, आपल्या उकडीच्या मोदकाच्या भावकीतल्या एका पक्वान्नाचे नाव! 1767 साली ब्रह्मी सैन्याने अयुध्या ही सयामची राजधानी उद्ध्वस्त केली आणि हजारो लोकांना कैद करून नेले. त्यांत हे श्रीयुत मोदकही होते. 1774 साली ब्रह्मी राजासमोर त्यांनी एकामागून एक दहा मल्लांना लोळवले, अशी कथा आहे. इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा वाद पंडितांनी घालावा. थाय लोक मात्र दरवर्षी 17 मार्चला त्यांचे स्मरण करतात.

पूर्वी योद्धे हातांना सुताची दोरी गुंडाळून लढत. 1920 नंतरच्या काळात विलायती हातमोजे आले, दोरांनी वेढलेले रिंगण आले, घड्याळ आले. आता तीन मिनिटांचा एक डाव, असे पाच डाव, आणि मध्ये दोन मिनिटे विसावा.

बँकॉकमध्ये 1945 साली उघडलेल्या राजदामनेर्न या आखाड्यात मी ही झुंज पाहिली. मला नवल वाटले ते मारापेक्षा त्याआधीच्या विधीचे. योद्धा डोक्याला ‘मोंगखोन’ नावाचे कडे बांधून येतो, गुडघे टेकून तीनदा वंदन करतो आणि मग संथ लयीत नाचतो. याला म्हणतात ‘वाय ख्रू’. ख्रू म्हणजे आपला गुरू, मोंगखोन म्हणजे आपले मंगल; आणि ती अयुध्या म्हणजे आपली अयोध्याच! सनई, ढोल आणि टाळ यांचा ताफा बाजूला बसलेला असतो. झुंज रंगते तशी सनईची लय चढत जाते. तालमीत उतरताना लाल माती कपाळी लावणाऱ्या आपल्या पहिलवानांची मला आठवण झाली.

खेळही बदलतो आहे. लुंपिनी या दुसऱ्या प्रसिद्ध आखाड्याच्या रिंगणात स्त्रियांना मज्जाव होता; 2021 साली तो उठला. त्याच वर्षी जागतिक ऑलिंपिक समितीने या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता दिली.

पण एक गोष्ट मनाला डाचते. यातले पुष्कळ योद्धे ईशान्येकडच्या इसान या गरीब, भातशेतीच्या मुलखातून येतात आणि सात-आठ वर्षांच्या वयातच पैशासाठी लढू लागतात. पोराच्या कमाईवर घर चालते. 1999 च्या कायद्याने 15 वर्षांची अट घातली खरी, पण आईबापांच्या संमतीची वाट मोकळी ठेवली. 2018 च्या नोव्हेंबरात 13 वर्षांचा एक मुलगा झुंजीत डोक्याला मार लागून दगावला. शिरस्त्राण नव्हते. आठव्या वर्षापासून तो लढत होता आणि शे-दीडशेहून अधिक झुंजी त्याने खेळल्या होत्या. लहानग्यांच्या झुंजींवर बंदी घाला, अशी मागणी त्यानंतर जोरात उठली. उलट बाजूचे लोक म्हणाले, लहानपणी शिकला नाही तर मोठेपणी जिंकणार कसा?

शिकावे, जरूर शिकावे. आपल्याकडेही पोरे मिसरूड फुटण्याआधीच तालमीत जातात. पण शिकणे वेगळे आणि पोटासाठी कोवळ्या डोक्यावर लाथा झेलणे वेगळे. तो मुलगाही प्रत्येक झुंजीआधी गुरूला वंदन करून उभा राहिला असेल. त्या वंदनाची लाज राखणे हे आता थोरांचे काम आहे.