आमच्या पणजोबाचे नाव कोणाच्या वहीत?

दहावी-बारावीचे निकाल लागले की धाराशिव जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी एकच चित्र दिसते. सेतू केंद्रासमोर रांग, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बापाचा शाळेचा दाखला आणि चेहऱ्यावर चिंता. जातपडताळणीचा अर्ज भरताना आमच्या मुलांचा पेन एका रकान्यापाशी येऊन अडतो. तो रकाना वंशावळीचा. बापाचे नाव माहीत असते, आजोबाचेही असते. पणजोबाचे नाव विचारले की मुलगा बापाकडे पाहतो आणि बाप जमिनीकडे पाहतो. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. पण ज्या समाजाला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याने १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला आणायचा कोठून?

हा प्रश्न केवळ एका दाखल्याचा नाही. या देशात कोणाचा पूर्वज लिहून ठेवायचा आणि कोणाचा विसरायचा, हे कोणी ठरवले, असा हा प्रश्न आहे.

आमच्याच जिल्ह्यातले तुळजापूर घ्या. तेथे पुजाऱ्यांच्या घरी यजमानांच्या वह्या असतात. गाव सांगा, आडनाव सांगा, पुजारी पिढ्या वाचून दाखवतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तेच, हरिद्वारला तेच. वह्या लिहिणाऱ्यांनी काम चोख केले, यात वाद नाही. पण ज्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले, त्यांची वंशावळ तेवढ्या आस्थेने कोण लिहिणार? गावाची शीव कोठून कोठे जाते याचा तंटा झाला की साक्षीला महार बोलावला जाई. साऱ्या गावाच्या जमिनीची आठवण ज्याच्या डोक्यात, त्याच्या स्वतःच्या कुळाला मात्र कागद नाही! यापेक्षा मोठी थट्टा कोणती?

सरकारी कागदात आमचा माणूस सापडतो, पण राबणूक म्हणून. याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला स्वतः बाबासाहेब आले होते. ज्या वतनाच्या जोखडाविरुद्ध ते बोलत होते, त्याच वतनाच्या दप्तरात आमच्या आज्या-पणज्यांची नावे पडून आहेत. निजामाच्या अमलातले कागद मोडीत आणि उर्दूत. त्यात ‘अमुक वल्द तमुक महार’ एवढीच ओळख. आडनावाच्या जागी जात आणि नावाच्या शेवटी अरे-तुरेचा ‘या’.

मग दुसरे दप्तर कोणाचे? येथे चर्चचा विषय येतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे काम सुरू केले. पुढे ते सोलापूरपर्यंत पोहोचले. जालन्याकडे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी मांग समाजात काम केले आणि बेथेल नावाची वसाहत उभी केली. धाराशिव या सर्वांच्या मधल्या पट्ट्यात. रोजगारासाठी, दुष्काळात, लग्नसंबंधाने आमची माणसे या गावांकडे जात-येत राहिली. त्यातली काही ख्रिस्ती झाली. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकात साधारणपणे नाव, बापाचे नाव, गाव, तारीख असते. विवाहाचे पुस्तक वेगळे, दफनाचे वेगळे. ज्या काळात गाव आम्हाला नावानेही हाक मारत नव्हते, त्या काळात कोणीतरी आमच्या आजीचे नाव शाईने लिहीत होते, ही गोष्ट मान्य केली पाहिजे.

पण आम्ही भोळे नाही. मिशनने नोंद ठेवली ती आपल्या धर्मकार्यासाठी. आज जगातला सर्वांत मोठा वंशावळ-साठा अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चकडे आहे. १८९४ साली त्यांनी यूटा राज्यात वंशावळ संस्था काढली, १९३८ पासून जगभरच्या नोंदींचे मायक्रोफिल्म घेतले. सॉल्ट लेक सिटीजवळ डोंगर पोखरून केलेल्या तिजोरीत ती रिळे ठेवली. सुमारे २४ लाख रिळे संगणकावर चढवण्याचे काम २०२१ मध्ये पुरे झाले. फॅमिलीसर्च या त्यांच्या संकेतस्थळावर ती शोधायला पैसे पडत नाहीत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही चित्रण त्यांनी केले आहे. एवढा खटाटोप कशासाठी? मेलेल्या पूर्वजांच्या नावाने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घेता येतो, अशी त्यांची श्रद्धा आहे म्हणून. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या नावानेही असे विधी झाले, तेव्हा ज्यूंनी हरकत घेतली आणि १९९५ मध्ये चर्चला ते थांबवण्याचा करार करावा लागला. आमचे म्हणणे तेच आहे. वही उघडा, नाव शोधा, नक्कल घ्या. पण आमच्या मेलेल्यांचा धर्म दुसऱ्याने ठरवू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्या लोकांनी आपला धम्म जिवंतपणी, स्वतःच्या पायाने चालत जाऊन निवडला आहे.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचे उदाहरण येथे आठवते. १८५० आणि १८६० च्या तेथील जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. त्यात मालकाचे नाव आणि त्याखाली गुलामाचे वय, लिंग, रंग एवढेच. गुलामाचे नाव सहसा नाहीच! सर्वांची नावे आली ती १८७० मध्ये. त्यामुळे काळ्या कुटुंबाचा शोध १८७० च्या भिंतीवर येऊन आदळतो. ही भिंत ओलांडायला त्यांना मुक्त गुलामांच्या बँकेचे खातेदार-रजिस्टर कामी आले, कारण खाते उघडताना आई-बाप, भावंडे, जुना मालक यांची नावे विचारून लिहिली जात. त्या रजिस्टरातली सुमारे ४ लाख ८० हजार नावे २००१ मध्ये याच मॉर्मन चर्चने लोकांपुढे आणली. ती उतरवून काढण्यासाठी यूटाच्या तुरुंगातले कैदी ११ वर्षे खपले. आणि याच चर्चने १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना पौरोहित्य नाकारले होते! तरीही काळ्यांनी ते रजिस्टर वापरले. लिहिणाऱ्याचा हेतू काहीही असो, नाव आमच्या पूर्वजाचे आहे, हा त्यांचा हिशेब. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते. कागदाच्या बाबतीतही ते साम्य शंभर टक्के आहे. आमची भिंत १९५०.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. चर्चची नोंद हा दुधारी कागद आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत; त्या प्रश्नावर केंद्राने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला. म्हणजे पणजोबाचे नाव सापडल्याच्या आनंदात बाप्तिस्म्याची नक्कल अर्जाला जोडली, तर तोच कागद उलटा प्रश्न विचारू शकतो. चुलत पणजोबा ख्रिस्ती झाला म्हणून तुमचे घर ख्रिस्ती ठरत नाही. पूर्वज ख्रिस्ती झाले असले तरी मूळ जात, मूळ धर्मात परत येणे आणि समाजाने स्वीकारणे सिद्ध झाले तर दावा टिकू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये के. पी. मनू प्रकरणात सांगितले. मात्र केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचा दावा २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने फेटाळला. म्हणून कागद लपवू नका, पण जाणत्या वकिलाला दाखवल्याशिवाय जोडूही नका. जात पुसते म्हणून धर्म बदलला, तरी जात सोडत नाही आणि सवलत मात्र सुटते! या अन्यायाचा जाब पणजोबाला नव्हे, व्यवस्थेला विचारला पाहिजे.

सध्या निजामकाळातल्या दप्तरांवरची धूळ झटकली जात आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती आली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधले गेले. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला. त्याबद्दल येथे वाद घालायचा नाही. आमची मागणी एवढीच की, तीच पाने उलटताना महार, मांग, चांभार, ढोर यांच्याही नोंदी उतरवून घ्या आणि लोकांना खुल्या करा. एका समाजासाठी दप्तर उघडते, तर दुसऱ्यासाठी ते कुलूपबंद का राहावे?

आणि सरकारकडे बोट दाखवताना थोडे स्वतःकडेही पाहू. मध्यंतरी कळंब तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही एका आजीपाशी बसलो. लिहिता-वाचता न येणारी ही माऊली सासरच्या पाच पिढ्या आणि माहेरच्या चार पिढ्या घडाघडा सांगत होती. कोण कोणत्या दुष्काळात गेला, कोणती लेक कोणत्या गावी दिली, सारे तोंडपाठ. तिचा पदवीधर नातू शेजारी बसून मोबाईल पाहत होता. वंशावळीचा रकाना त्याच्याही अर्जात येणार आहे. त्या दिवशी आजी असेलच असे नाही.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. आजच्या आज वही घ्या. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापाशी बसा. पुरुषांबरोबर बायकांची नावे लिहा, त्यांचे माहेर लिहा. मग तहसीलमधून १९५० च्या दशकातले खासरा पाहणी पत्रक, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद आणि शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. नातेवाईक ख्रिस्ती असतील तर त्यांच्या चर्चमध्ये सन्मानाने जा. पाळकाला नाव, गाव आणि अंदाजे साल सांगा.

आणि विहारांच्या पदाधिकाऱ्यांना आमचा एक प्रश्न आहे. चर्चकडे बाप्तिस्म्याचे पुस्तक आहे, पुजाऱ्याकडे यजमानांची वही आहे. आपल्या विहारात काय आहे? १९५६ नंतर आपल्या गावात कोणी, कोणत्या दिवशी धम्मदीक्षा घेतली, त्याची यादी किती विहारांत आहे? जन्म, मंगलपरिणय, निधन यांचे एक जाड रजिस्टर विहारात ठेवायला कोणत्या अनुदानाची गरज नाही. दोनशे रुपयांची वही आणि एक जबाबदार माणूस पुरे.

आमच्या पणजोबाचे नाव दुसऱ्याच्या वहीत शोधण्याची पाळी आमच्यावर आली. आमच्या पणतवंडांवर ती येऊ नये.