दगड किती, माती किती?

सोलापूर, अहिल्यानगर किंवा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एखाद्या माळरानावर उन्हाळ्यात चालून बघा. चपलेखाली खडे करकरतात. जिकडे बघाल तिकडे वाळकं गवत, मधेच एखादी बाभूळ नाहीतर बोर, आणि जमिनीवर पसरलेले काळे-तांबूस खडे. "इथे काय पिकणार? नुसते दगड आहेत," असं मोठी माणसं सांगतात. आता त्याच माळावर चांगला पाऊस झाल्यावर जा. थोडं चाललात की चपला जड होतात. तळव्याला चिखलाचा असा थर बसतो की काडीने खरवडून काढावा लागतो.

नुसत्या दगडांचा चिखल होत नाही! म्हणजे त्या खड्यांमध्ये चिकणमाती दडलेली आहे, आणि तीही भरपूर. मग ही जमीन दगडांची म्हणायची की मातीची?

मृदाशास्त्रज्ञांना हा प्रश्न विचारला तर ते लगेच उत्तर देत नाहीत. ते आधी खड्डा खणतात. मला त्यांची ही सवय फार आवडते. आधी नीट बघायचं, लिहून काढायचं, आणि नाव द्यायचं ते सगळ्यात शेवटी. आज आपणही तसंच करू. कुदळ, पहार, फावडं, मोजपट्टी, पाण्याची बाटली, जुनी सुरी आणि एक वही एवढं सामान पुरे. जमीन ज्यांची असेल त्यांना विचारायचं आणि मोठं माणूस बरोबर घ्यायचं. अभयारण्यात मात्र कुदळ लावायची नाही. खणणं जमणार नसेल तर रस्त्यासाठी टेकडी कापलेली असते ना, तिथे दुरून बघितलं तरी बरंच काही दिसतं.

समजा, आपला खड्डा तयार झाला. त्याची एक बाजू सुरीने हलकेच खरवडून घेतली की थर दिसायला लागतात. वरचे १२ सेंटिमीटर तपकिरी माती, तिच्यात थोडे खडे आणि गवताच्या मुळांचं दाट जाळं. त्याखाली ३८ सेंटिमीटरपर्यंत खडे एकदम वाढलेले, आणि त्यांच्यामध्ये घट्ट, कोनेदार ढेकळं. मग ४७ सेंटिमीटरपर्यंत मुरूम. आणि त्याखाली पहार मारली की ठण्ण! काळा कातळ.

आता रंग लिहायचा. "तपकिरी" एवढं लिहून भागत नाही, कारण तुमचा तपकिरी वेगळा आणि माझा वेगळा. ही अडचण अल्बर्ट मन्सेल या अमेरिकी चित्रकाराने सोडवली. तो चित्रकला शिकवायचा. १९०५ साली त्याने रंगांना आकड्यांत लिहायची पद्धत पुस्तकात मांडली, आणि पुढे ती जगभरच्या मृदाशास्त्रज्ञांनी उचलली. त्यांच्याकडे रंगांच्या चौकोनी ठिपक्यांची एक वही असते. ढेकूळ ओलं करायचं, ठिपक्यांशेजारी धरायचं आणि जुळणारा ठिपका शोधायचा. आपल्या वरच्या थराचा रंग समजा '१० वायआर ४/३' निघाला. पहिला भाग सांगतो की रंग पिवळा-तांबडा आहे, ४ हा आकडा उजळपणा सांगतो आणि ३ हा रंगाची तीव्रता. आता सोलापूरचा तपकिरी जपानमधल्या माणसालाही न बघता कळेल.

पुढचं काम सगळ्यात मजेचं आहे: खडे मोजायचे! पण खडे म्हणजे नक्की कोण? २ मिलिमीटरपेक्षा मोठं ते सगळं खडे-दगड. त्याहून बारीक असते ती खरी माती. तिच्यात वाळू, गाळ आणि चिकणमाती असे तीन हिस्से असतात, आणि त्यांतली चिकणमाती म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान कण. असा एक कण नुसत्या डोळ्यांनी कधीच दिसत नाही.

जाणकार मंडळी खड्यांचा अंदाज नजरेनेच घेतात. आपण पाण्याने मोजू. मधल्या थरात एक छोटा खळगा करायचा आणि त्यातून निघालेली सगळी माती, अगदी सगळी, एका घमेल्यात जमा करायची. खळग्यात प्लास्टिकचा पातळ कागद अंथरायचा आणि मापाने पाणी ओतत तो काठोकाठ भरायचा. समजा ४ लिटर पाणी मावलं. म्हणजे खळग्याचं आकारमान ४ लिटर. आता घमेल्यातली माती चाळणीने चाळून दगड वेगळे करायचे, धुवायचे, आणि मापाच्या खुणा असलेल्या, अर्ध्या भरलेल्या बादलीत सोडायचे. पाण्याची पातळी १.८ लिटरने वर चढली तर दगडांचं आकारमान १.८ लिटर. चारमध्ये एक पूर्णांक आठ, म्हणजे ४५ टक्के!

या आकड्यावर जरा थांबू या. आपला मधला थर आहे २६ सेंटिमीटर जाडीचा. त्यातला ४५ टक्के भाग दगडांनी अडवला तर प्रत्यक्ष मातीला उरली १४ सेंटिमीटरच्या जेमतेम वर जागा. या थरातून गवताच्या मुळांना पाणी मिळणार ते त्या १४ सेंटिमीटरमधून. ज्वारीला किंवा आंब्याला हे कसं पुरणार? म्हणून इथे शेत फुलत नाही आणि घनदाट रानही वाढत नाही. गवताची बारीक मुळं मात्र दगडांच्या फटींमधून वाट काढतात, पाऊस असेपर्यंत भराभर वाढून घेतात, आणि उन्हाळ्यात वरचं पातं वाळलं तरी खालचा ठोंब जिवंत ठेवतात.

आता चाळून उरलेली बारीक माती मुठीत घ्या. थेंब थेंब पाणी घालून मळा. मऊ गोळा झाला की अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची चपटी पट्टी पुढे सरकवायची. ती अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर चिकणमाती कमी. पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली, तुटता तुटेना, बोटांना चिकटून बसली, तर ती चांगलीच चिकण. आपली पट्टी पाचच्या पुढे जाते. चपला जड करणारी ती हीच!

ही चिकणमाती आली कुठून? कातळातूनच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याचे थरावर थर साचून महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकला गेला. तो थंड होऊन झालेला दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. पाणी, हवा आणि ऊन यांनी त्याचे पापुद्रे सुटत जातात, त्याचा मुरूम होतो, आणि मुरमातली खनिजं हळूहळू बदलून चिकणमाती तयार होते. दगडाचे जे कठीण तुकडे अजून बदललेले नाहीत, ते म्हणजे आपले खडे. दगड आणि माती इथे एकत्र कशी, याचं उत्तर हेच. ती बाहेरून येऊन मिसळलेली नाही. एकाच कातळाचा काही भाग माती झाला आहे, काही अजून व्हायचा आहे.

आणि एक गंमत बघा. कोकणातही हाच बेसाल्ट आहे. पण तिथे पाऊस इतका कोसळतो की दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, अगदी सिलिकासुद्धा धुऊन जातं. मागे राहतं लोह आणि ॲल्युमिनियम, आणि त्याचा होतो तांबडा जांभा. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी. सोलापूरकडे तर वर्षाला ५०० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास. धुऊन न गेलेल्या त्या सगळ्या मालमसाल्यातून इथे स्मेक्टाइट नावाची चिकणमाती तयार होते. एकच दगड, पण पाऊस वेगळा म्हणून माती वेगळी!

स्मेक्टाइट ही फार विलक्षण वस्तू आहे. तिचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिपातळ पापुद्रे, आणि त्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरू शकतं. एक ग्रॅम स्मेक्टाइटमधल्या सगळ्या पापुद्र्यांचा पृष्ठभाग एकत्र केला तर तो ६०० ते ८०० चौरस मीटर भरतो. एका ग्रॅममध्ये निदान सात बॅडमिंटन कोर्टं! पाणी शिरलं की ही माती फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. फुगणारी ढेकळं एकमेकांवर घासली की त्यांच्या बाजू चकचकीत होतात. आपल्या मधल्या थरात सुरीच्या टोकाने एखादं ढेकूळ अलगद सुटं करा आणि तिरपं उन्हात धरा. एखादी गुळगुळीत बाजू चमकली तर ओरडून सगळ्यांना दाखवा.

माळावरचं कुसळी गवत या भेगांचा छान उपयोग करून घेतं. कुसळीच्या बीला एक लांब, पीळदार शेपटी असते. दमट हवेत पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत ते टोकदार बी स्वतःला जमिनीच्या फटीत घुसवून घेतं. पायमोज्यातही ते याच युक्तीने घुसतं, हे माळावरून फिरून आलेल्यांना सांगायला नकोच.

एक शेवटची चाचणी. ढेकळावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे फसफसले तर मातीत चुनखडी आहे. शास्त्रज्ञ यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पातळ करून वापरतात, पण ते काम त्यांचंच. आपल्या मुरमात इथे-तिथे थोडेसे बुडबुडे आले, असं लिहून ठेवू.

आता नाव! मातीचे थर वाचून तिला ओळखता येतं, या विचाराचा भक्कम पाया रशियाच्या वासिली डोकुचायेव यांनी १८८३ साली त्यांच्या देशातल्या काळ्या मातीवर लिहिलेल्या ग्रंथात घातला. आज भारतात जी पद्धत वापरतात तिचा ग्रंथ अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७५ साली काढला. या पद्धतीत जगातल्या सगळ्या माती १२ मोठ्या गणांत बसवल्या आहेत, आणि गण धरून एकूण सहा पायऱ्या उतरत जायचं असतं.

आपली माती फुगते, आकसते. मग ती कापसाच्या काळ्या मातीच्या गणात, म्हणजे व्हर्टिसॉलमध्ये, जाईल का? तिथे जायचं तर घासून चकचकीत झालेल्या बाजूंचा थर निदान २५ सेंटिमीटर जाड हवा. आपल्याकडे अशा बाजू अधूनमधून दिसल्या, सलग थर नाही. म्हणून नाही. मग अजून थरच न पडलेल्या कोवळ्या मातीचा एन्टिसॉल गण? तोही नाही, कारण आपल्या मधल्या थरात मूळ दगड बदलून पक्की ढेकळं झालेली आहेत. थर घडू लागलेत, पण फार पुढे गेलेले नाहीत. अशा मातीचा गण म्हणजे इन्सेप्टिसॉल.

पुढच्या पायऱ्या भराभर उतरू. वर्षाचा बराच काळ कोरडी, पण पिकं-गवत वाढण्याच्या दिवसांत ओल धरणारी, म्हणून उस्टेप्ट. खास वेगळा असा कुठला थर नाही, म्हणून हॅप्लुस्टेप्ट. कठीण कातळ ५० सेंटिमीटरच्या आत लागला, म्हणून लिथिक. आपला कातळ ४७ वर होता, आठवतंय? तीन सेंटिमीटरने वाचलो! पहार मारताना 'ठण्ण' झालं तेही इथे कामाला आलं. फावड्याने खोदता येणारा मुरूम या हिशेबात कातळ धरत नाहीत.

आणि आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी आपण पाणी मोजलं. मातीत आकारमानाने ३५ टक्के किंवा त्याहून जास्त दगड असतील, आणि उरलेल्या बारीक मातीत निदान ३५ टक्के चिकणमाती असेल, तर तिच्या नावात 'क्लेयी-स्केलेटल' असं लावतात. सांगाडा दगडांचा, आणि त्यात भरलेली चिकणमाती. म्हणजे दगड की माती या आपल्या प्रश्नाला शास्त्राने दिलेलं उत्तर आहे: दोन्ही, आणि दोन्हींची नोंद नावातच.

मला हे उत्तर महत्त्वाचं वाटतं. सरकारी नोंदींत माळरानं बऱ्याचदा 'पडीक जमीन' या रकान्यात जातात. तिथे रोपांसाठी ओळीने खड्डे घेतले जातात, आणि कातळापर्यंत जेमतेम वीतभर-हातभर असलेली ही माती उलटीपालटी होते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी राहायचा तो अशाच उघड्या, गवताळ जमिनीवर. काळवीट, लांडगा, धाविक पक्षी यांनाही झाडांची गर्दी नको असते. धनगरांची मेंढरं याच गवतावर जगतात. ही जमीन रिकामी नाही. तिला जे जमतं ते ती करतेच आहे.

वर्गीकरणाची सर्वांत खालची पायरी असते 'सिरीज', म्हणजे मातीचं अगदी स्थानिक नाव. ती माती पहिल्यांदा जिथे नोंदली गेली, त्याच्या जवळच्या गावाचं नाव तिला देण्याची रीत आहे. भारतात अशा नोंदी ठेवणारी, १९७६ साली सुरू झालेली राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरात आहे. कुठल्याही जुन्या सिरीजशी जुळत नाही अशी माती सापडली, तर नकाशावर एका नव्या गावाचं नाव मातीचं नाव म्हणून चढतं. तेव्हा खड्डा बुजवण्याआधी वहीच्या पहिल्या ओळीत तारीख, उताराची दिशा आणि जवळच्या गावाचं नाव नीट लिहा. आणि बुजवताना आधी मुरूम, मग खडेवाली माती, आणि मुळांचा वरचा थर सगळ्यात वर.