मुलांबाळांसह गोड्या पाण्यांतील मासेमारी

मारुंजी गांव मुळा व पवना या दोन नद्यांच्या मधल्या टापूंत आहे. शेजारच्या हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाचीं कार्यालयें आल्यापासून या बाजूच्या पुष्कळ रानांत पिकांऐवजीं इमारती उभ्या राहिल्या. तथापि ज्यांनीं जमीन राखली आहे, त्यांच्यापाशीं ओढ्याचा कांठ किंवा शेततळें अद्याप आहे. सुटीच्या दिवशीं आजा, बाप व नातवंडें यांनीं गळ टाकून एका कांठावर बसावें, यासारखें अल्प खर्चाचें सुख दुसरें क्वचितच असेल. परंतु तें कोठें व केव्हां घ्यावें, याचा विचार अवश्य आहे. तोच येथें मांडतों.

आपल्या नद्यांस मत्स्यशास्त्रांत मोठा मान आहे. कर्नल साईक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या महसीर माशाचें पहिलें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, तें पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेल्या माशावरून. पुढें हा मासा इतका विरळ झाला कीं, लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीस त्याचीं पिलें मुद्दाम तयार करून पाण्यांत सोडावीं लागलीं. शहरालगतच्या पात्रांत तर आज सांडपाणी व जलपर्णी माजली आहे. तेथील मासा मुलांच्या ताटांत वाढण्याजोगा नव्हे.

नदीचें दुसरें नुकसान मात्र आपल्याच हातून होतें. मृगाच्या व आर्द्राच्या पावसानें ओढे वाहूं लागले म्हणजे मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाविरुद्ध वर चढतात व भातखाचरांपर्यंत येतात. हेच चढणीचे मासे. त्यांस पाटींत, जाळ्यांत, प्रसंगीं काठीनेंही पकडण्याची हौस लहानथोरांस फार. पण या वेळीं धरलेल्या एकेका मादीच्या पोटांत हजारों अंडीं असतात. पेरणीच्या तोंडावर बियाण्याची कणगी फोडून दळण करणाऱ्यास आपण शहाणा म्हणूं काय? पाण्यांत सुरुंग लावणें किंवा विष कालविणें हा तर १८९७ च्या कायद्यानें गुन्हाच ठरविलेला आहे.

हौस भागवावयाची तर तिची योग्य जागा शेततळें ही होय. कटला, रोहू व मृगळ हे मासे सांचलेल्या पाण्यांत सहसा वीत नाहींत. डॉ. हिरालाल चौधरी यांनीं १० जुलै १९५७ रोजीं अंतःस्रावाचें टोंचण देऊन अशा माशांची वीण करून दाखविली. तेव्हांपासून बोटुकली विकत मिळणें सुलभ झालें. म्हणून तळ्यांतील मासा गळास लागला तरी नदीचा वंश कमी होत नाहीं. हेक्टरीं ५,००० बोटुकली हें प्रमाण धरिल्यास ३० मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्यास ४५० पुरतात. पाणी आठदहा महिने टिकावें, व भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड नियमानें द्यावी; म्हणजे वर्षाकांठीं मासा सुमारें किलोभर होतो.

गळ टाकण्यास सकाळ व सायंकाळ या वेळा उत्तम. कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या व मृगळ तळाशीं चरतो. त्याप्रमाणें दोरीवरील तरंगती कांडी वरखालीं सरकवावी. आमिषास कणकेची व पेंडीची गोळी चालते. मुलांनीं बोलणें सोडून कांडीकडे लक्ष ठेवावें. इतका वेळ स्वस्थ बसण्याची संवय त्यांस दुसऱ्या कोणत्या खेळानें लागेल, हें आम्हांस सुचत नाहीं.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. अस्तर घातलेल्या तळ्याचे कांठ अतिशय निसरडे असतात. पडलेल्या पोहणाऱ्यासही वर येतां येत नाहीं. याकरितां भोंवतीं कुंपण असावें, चारही बाजूंस गांठी मारलेले दोर पाण्यांत सोडलेले असावेत, व वाळलेल्या भोपळ्याची सांगड किंवा हवेची ट्यूब हाताशीं ठेवावी. मोठें माणूस जवळ असल्यावांचून मुलांस तेथें जाऊंच देऊं नये.

आमची वाचकांस एवढीच सूचना आहे कीं, पावसाळ्याच्या तोंडीं नातवंडांस ओढ्यावर अवश्य न्यावें, चढणारे मासे त्यांस दाखवावे, आणि रिकाम्या हातानें घरीं यावें. गळ टाकण्यास पुढें सारें वर्ष व घरचें तळें आहेच.