डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा आणि माथा सपाट का? माहूरसारखा गड चढण्याआधी हे वाचा

मराठवाड्यातला डोंगर पायवाटेनं चढणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. छातीवरचा चढ संपतो, 'आलो एकदाचे' म्हणून माणूस थांबतो. बघतो तर काय, थोड्या सपाटीनंतर पुढचा चढ उभाच! नांदेड जिल्ह्यातलं माहूर असो की लातूरकडचे बालाघाटाचे डोंगर, ही फसगत ठरलेली. तिचं कारण खडकात आहे.

लाव्हाचे थर

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. हाच बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. तो किती जाड आहे? 1993च्या भूकंपानंतर किल्लारीत छिद्र पाडलं, तेव्हा सुमारे 338 मीटर बेसॉल्ट लागला. त्याखाली कितीतरी जुना खडक होता. नांदेडच्या देगलूर-बिलोली भागात मात्र हा थर संपतो आणि ग्रॅनाइट उघडा दिसतो.

सगळे थर सारखे टणक नसतात. मऊ, सच्छिद्र थर लवकर झिजतो, तिथं उतार आणि सपाटी तयार होते. टणक थर उभा कडा बनून राहतो. म्हणून या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द 'पायरी' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

सगळ्यात वर टणक थर असेल तर तो झाकणासारखा खालचा डोंगर राखतो. बाजू झिजतात, माथा सपाट राहतो. भूगोलात अशा डोंगराला 'मेसा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये मेसा म्हणजे टेबल.

सपाट माथ्याचा धोका

माथ्यावर पोचलं की जीव भांड्यात पडतो. पण उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपणच. मराठवाड्यात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात वीज पडून दरवर्षी माणसं जातात. म्हणून:

• गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. फोटो राहू द्या, माथा सोडून खाली उतरा.
• एकट्या झाडाखाली किंवा कड्याच्या टोकाशी थांबू नका.
• निघण्याआधी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप बघा.
• उन्हाळ्यात पहाटे चढा, उन्हं तापायच्या आत उतरा. काळा पाषाण तापला की खालूनही भाजतो. पाणी अर्धं संपलं की मागे फिरा.
• कपारीत आग्या मोहोळ असेल तर धूर आणि आरडाओरडा टाळा.

श्रावण पौर्णिमेला माहूरला परिक्रमा यात्रा भरते. तेव्हा पावसानं खडक निसरडा असतो. अशा वेळी चढण्यापेक्षा उतरताना घसरण्याची भीती जास्त. गुडघ्यांवरचा भारही उतरतानाच वाढतो. म्हणून सगळा दम वर जातानाच खर्च करू नका, अर्धी वाट अजून बाकी असते.