मारखोराचे मोल

पाकिस्तानच्या बलुचिस्तान प्रांतात तोरघर नावाची रखरखीत डोंगररांग आहे. पिळदार शिंगांचा मारखोर हा रानबोकड तिथला मूळ रहिवासी. 1980च्या दशकात शेजारच्या अफगाणिस्तानातल्या युद्धामुळे या भागात बंदुकांचा सुळसुळाट झाला. मांसासाठी इतकी शिकार झाली की मारखोर शंभराच्या आत आले. तेव्हा तिथल्या पठाण सरदारांनी ऐकायला विचित्र वाटेल असा मार्ग धरला. टोळीने स्वतःची शिकार थांबवायची, गावातल्याच शिकाऱ्यांना पगारावर राखणीला ठेवायचे, आणि तो पगार भागवण्यासाठी मोजके म्हातारे नर परदेशी हौशी शिकाऱ्यांना मारू द्यायचे. 2005च्या पाहणीत तिथे अडीच हजारांच्या आसपास मारखोर असल्याचा अंदाज निघाला. पुढे अशा योजना पाकिस्तानच्या उत्तर भागातही रुजल्या, आणि 2015 साली जागतिक लाल यादीत मारखोर ‘धोक्यात’ या वर्गातून ‘धोक्याच्या जवळ’ या सौम्य वर्गात आला.

हे गणित जमले याची कारणे साधी आहेत. मारखोराचा एक नर अनेक माद्यांशी जुगतो. त्यामुळे उतारवयाचे थोडे नर गेले तरी कळपाची वीण थांबत नाही. शिकारीच्या संख्येवर आंतरराष्ट्रीय चाप आहे. वन्यजीव व्यापारावरच्या ‘साइटीस’ कराराने 1997 मध्ये साऱ्या पाकिस्तानला वर्षाला फक्त 6 परवाने दिले, 2002 मध्ये ते 12 केले. एका परवान्याला एक लाख डॉलरहून जास्त पैसे मोजले जातात आणि त्यातले 80 टक्के स्थानिक लोकांकडे जातात. एवढा पैसा डोंगरावर चरत असताना त्याचे कालवण करण्याची बुद्धी कोणाला होईल? नामिबियाने 1996 साली कायदा करून गावसमूहांना त्यांच्या भागातल्या वन्यप्राण्यांवर असाच हक्क दिला. माझ्या मते सगळे मर्म या हक्कात आहे. प्राणी बंदुकीने वाचवले नाहीत. ते आपले आहेत असे लोकांना वाटू लागले, म्हणून ते वाचले. बंदूकवाला पाहुणा हे फक्त गिऱ्हाईक.

हा हक्क नसेल तर ‘शिकारीतून संवर्धन’ हे शब्द पोकळ ठरतात. टांझानियातल्या सेलूसच्या विस्तीर्ण अभयारण्याचा बहुतेक भाग शिकार कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिलेला होता. तरीही 1970च्या दशकात लाखाच्या घरात असलेले तिथले हत्ती 2014 पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास उरले. हस्तिदंताच्या चोरट्या शिकारीने त्यांचा फडशा पाडला. शिवाय सगळे प्राणी मारखोरासारखे नसतात. कळपाचा ताबा असलेला सिंह मारला की नवा नर येऊन आधीचे छावे मारतो, म्हणजे एका गोळीत पुढची पिढीही जाते. म्हणून सहा वर्षांखालचा सिंह मारू नये असा दंडक अभ्यासकांनी सुचवला. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात भरदार शिंगांचे रानमेंढे टिपत राहिल्याने पुढच्या पिढ्यांची शिंगेच आखूड झाल्याचे 2003 मध्ये दाखवून देण्यात आले. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणाच्या आत सोडून मारण्याचा जो धंदा चालत आला, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको.

यावर पहिला आक्षेप असा की, बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन येणारे पर्यटक का आणू नयेत? जिथे येतात तिथे जरूर आणावेत. पण ताडोबासारखे हमखास वाघ, रस्ते आणि हॉटेले प्रत्येक जंगलाच्या नशिबी नसतात. तोरघरच्या उघड्या डोंगरावर सफारीच्या जीपगाड्या जाणार कशा? दुसऱ्या आक्षेपात भारताचा दाखला दिला जातो. आपण 1972च्या कायद्याने शिकार बंद केली आणि वाघ वाचवला, हे खरेच आहे. मात्र त्यासाठी सरकारी तिजोरी, वनखाते आणि रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केल्यावरही सोसत राहिलेला शेतकरी उभा होता. विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारले तर तो या सोसण्याचा हिशेब सांगेल. केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली. त्यानंतरच्या चार दशकांत तिथले वन्यप्राणी सुमारे दोन तृतीयांशाने घटले. वाढती लोकसंख्या, शेती, कुंपणे आणि गुरे ही त्याची कारणे; बंदीला एकटीला दोष देता येत नाही. पण नुसत्या बंदीने काही वाचत नाही, एवढे त्यावरून नक्की दिसते.

उरतो तो नैतिक आक्षेप. मौजेसाठी जीव घेऊन मुंडके भिंतीवर टांगणे मलाही किळसवाणे वाटते, आणि 2015 मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह हौशी शिकारीत मारला गेल्यावर उसळलेला संताप समजण्यासारखा होता. मात्र त्या संतापाची किंमत संतापणाऱ्यांना मोजावी लागत नाही. बोट्स्वानाने 2014 मध्ये शिकारबंदी केली आणि 2019 मध्ये उठवली. शेतात हत्ती घुसणाऱ्या गावकऱ्यांची नाराजी हे त्यामागचे एक मोठे कारण होते. शिकारीच्या मुंडक्यांच्या आयातीवर बंदी घालू पाहणाऱ्या युरोपीय देशांनी राखणदारांच्या पगाराची सोय आधी करावी. ती होत नाही तोवर तोरघरसारख्या ठिकाणचे परवाने चालू राहावेत, आणि जिथे गावाच्या हाती काहीच पडत नाही तिथले आजच रद्द व्हावेत.