आधी ऊब, मग दूध

मार्गशीर्षातली रात्र, दोन-अडीचचा सुमार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीखाली कुत्री व्यालेली आहे आणि तिची पाच-सहा पिल्लं किरकिरताहेत. अशा वेळी वरच्या मजल्यावरून कोणीतरी हमखास खाली उतरतं, हातात वाटीभर गाईचं दूध घेऊन. माणूस भला, पण वस्तू चुकलेली. त्याऐवजी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली आणली असती तर पिल्लांचं जास्त भलं झालं असतं.

भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं मराठी माणसाला सांगायला नको. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. हिशेब केला तर गल्लीतल्या बऱ्याच बाळंतिणी कार्तिक-मार्गशीर्षात, नेमक्या थंडीच्या तोंडावर येतात.

आणि थंडी हाच नवजात पिल्लाचा पहिला शत्रू. पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले, कान बंद. मोठ्या कुत्र्याच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं ३५-३६ च्या आसपास, आणि तेही त्याला स्वतःला राखता येत नाही. थंडी वाजली की कुडकुडून ऊब निर्माण करायची, ही साधी सोयसुद्धा पहिले पाच-सहा दिवस त्याच्याकडे नसते. झोपेत पिल्लं सारखी दचकतात, पाय झाडतात, ते पाहून घरातले घाबरतात. पण ते कुडकुडणं नव्हे. निरोगी पिल्लाच्या झोपेत स्नायू असे हलतातच. उलट ही हालचाल थांबली तर काळजी करावी.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागेजवळ २९ ते ३२ अंश तापमान हवं. थर्मामीटर नसला तरी पिल्लांची मांडणी वाचता येते. एकावर एक चढून घट्ट ढीग केला असेल तर थंडी वाजतेय. एकमेकांपासून लांब, चार कोपऱ्यांत पसरून किरकिरत असतील तर उकडतंय. एकमेकांना जेमतेम टेकून निवांत पडलेली असतील, तर बघणाऱ्यानेही खुशाल झोपायला जावं. कोंबडीची पिल्लं वाढवणारे बल्ब लावतात, तसा तो इथेही चालतो. फक्त खोक्याच्या एकाच बाजूला, पुरेशा उंचीवर आणि वायर कुत्रीच्या तोंडाला लागणार नाही अशा बेताने. दुसरी बाजू थंड ठेवायची, म्हणजे जास्त झालं तर पिल्लू सरपटत तिकडे जाईल. खाली गारठलेल्या फरशीवर पुठ्ठा, त्यावर गोणपाट किंवा जुनी चादर. ओलं झालं की बदलायचं, कारण ओल्या अंथरुणात बल्बचा फारसा उपयोग होत नाही.

आता त्या वाटीभर दुधाकडे येऊ. पिल्लू गारठलं की त्याचं पोट जवळजवळ काम थांबवतं. पोटात गेलेलं दूध पचत नाही, नीट गिळता न आल्याने श्वासनलिकेत जाण्याची भीती वेगळीच. म्हणून हाताला थंड लागणारं पिल्लू आधी अंगाशी धरून, कपड्यात गुंडाळून हळूहळू, तास-दोन तास घेऊन गरम करायचं. शेगडीजवळ धरून झटपट नव्हे. मग त्याला आईच्या आचळाला लावायचं. पहिल्या २४ तासांतला चीक तर चुकवूच नये, आजारांशी लढण्याची पहिली शिदोरी त्यातच असते. आई नसेल तर पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर वापरावी, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या मानाने प्रथिनं आणि स्निग्धांश दुपटीच्या आसपास असतात, दुग्धशर्करा मात्र कमी. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात ते यामुळेच. पाजताना पिल्लू पालथं हवं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरणं म्हणजे फुप्फुसात दूध घालणं. आणि पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने पोटाखाली, शेपटीखाली हलकं चोळायचं. आई चाटते ते फक्त मायेने नाही. त्याशिवाय पिल्लाला लघवी-शी होतच नाही.

बाळंतिणीचं कौतुक मात्र आपल्याकडे जुनं आहे. कुत्री व्याली की घराघरांतून पीठ-गूळ गोळा करून तिला शिरा करून घालणारी पोरं अनेकांनी पाहिली असतील. शिरा चालेल, पण त्यात मनुका-बेदाणे नकोत, कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना ते घातक ठरतात. पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईतो आईची भूक नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते. रात्री तिच्याजवळ पाण्याचं भांडं भरलेलं हवं, पण उथळ; सरपटणारं पिल्लू त्यात पडू नये.

तिच्याकडेही रात्री एकदा नजर टाकावी. ती बेचैन आहे, जोरात धापा टाकतेय, पाय ताठरलेत, अंग थरथरतंय, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. रक्तातलं कॅल्शियम घसरल्याची ही लक्षणं आहेत. लहान चणीच्या आणि बरीच पिल्लं असलेल्या कुत्र्यांमध्ये व्यायल्यावर पहिल्या महिन्यात हे जास्त दिसतं आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. डॉक्टरने शिरेतून दिलेलं कॅल्शियम हाच उपाय. गंमत अशी, की गरोदरपणी हौसेने भरमसाट कॅल्शियम चारलं तर हा धोका वाढतो, कारण हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवयच मोडते.

बाकी वेळ लांबूनच बघावं. टॉर्चचा झोत आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी झाली की रस्त्यावरची कुत्री एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते, आणि थंडीत नवी जागा जुनीपेक्षा बरी असेलच असं नाही. शिवाय एरवी शेपटी हलवणारी कुत्रीही या दिवसांत चावू शकते. चावलीच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

पिल्लं घरात असतील तर रोज एका ठरावीक वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावं. निरोगी पिल्लाचं वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं. ज्याचं एका दिवसात वाढलं नाही, त्याला रात्री भरल्या आचळाला, मागच्या पायांजवळच्या, आधी लावायचं. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात, मग कान. दुसऱ्या आठवड्यात जंताचं पहिलं औषध. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं खोक्याबाहेर पडू लागतात, आणि आई त्यांच्या हाती लागणार नाही अशा उंच पायरीवर जाऊन झोपते.